शासकीय आरोग्यविम्याची भाषा : ज्येष्ठ आणि दिव्यांग व्यक्तींच्या योजना कशा वाचाव्यात?

१. उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस

- ज्येष्ठ व दिव्यांग व्यक्तींना उपलब्ध असलेल्या प्रमुख शासकीय आरोग्यविमा योजनांची रचना सांगता येईल.
- 'लाभार्थी', 'पात्र', 'अंगीकृत', 'रोकडरहित', 'पूर्वमान्यता' या शब्दांचे व्यवहारातील अर्थ स्पष्ट करता येतील.
- शासकीय मजकुरातील कर्मणी रचनेमागचा कर्ता शोधता येईल.
- योजनेचा मजकूर वाचून घरातील वा शेजारच्या व्यक्तीला नेमके मार्गदर्शन करता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीचा अभ्यास करताना आपण अर्ज, परिपत्रक, इतिवृत्त हे लेखनप्रकार पाहिले. या पाठात आपण 'योजनेचा मजकूर' हा प्रकार पाहणार आहोत. त्यासाठी आरोग्यविम्याचा विषय निवडला आहे, कारण या मजकुरातील एखादा शब्द न समजल्यास त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकत आहेत आणि आई-वडिलांच्या किंवा सासू-सासऱ्यांच्या आजारपणात कागदपत्रांची फाईल घेऊन धावण्याचे काम बहुधा आपल्याकडेच येते.

लिहिलेला हक्क आणि हाती आलेला हक्क यांत किती अंतर असू शकते, हे समजून घेण्यासाठी महाडचे उदाहरण उपयोगी आहे. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कार्यालये आणि दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. या यादीत दवाखानेही होते, याची नोंद घ्यावी. त्यानंतर १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण प्रत्यक्षात त्या पाण्याला ओंजळ लागली ती २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले तेव्हा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे हा वाद न्यायालयात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी.

जातीने नाकारलेले पाणी आणि विम्याच्या कागदात अडलेला उपचार या दोन गोष्टी एका मापाच्या नाहीत. परंतु मजकुराच्या अभ्यासकाला या इतिहासातून एक प्रश्न मिळतो. 'खुले करण्यात आले आहे' असे वाक्य वाचल्यावर आपण विचारले पाहिजे : कोणी, कोणासाठी, कोणत्या अटीवर, आणि अडवणूक झाल्यास दाद कोठे? आजच्या योजना वाचतानाही आपण हेच प्रश्न विचारणार आहोत.

३. योजनांची रूपरेषा

३.१ महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना

ही महाराष्ट्र शासनाची योजना आहे. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. म्हणजे महाड आणि पोलादपूर तालुक्यांना ही योजना राज्यातील बहुतेक भागांच्या आधीपासून परिचित आहे. नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. पुण्यातील आपल्या घरचा पाण्याचा हौद १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला करणाऱ्या व्यक्तीचे हे नाव आहे.

या योजनेचे प्रवेशद्वार म्हणजे शिधापत्रिका. आरंभी पिवळी, अंत्योदय, अन्नपूर्णा व केशरी शिधापत्रिका असलेली कुटुंबे हा तिचा मुख्य गट होता आणि मर्यादा प्रति कुटुंब प्रति वर्ष दीड लाख रुपये होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्व कुटुंबांना योजनेत घेण्याचे ठरले आणि मर्यादा पाच लाख रुपये झाली. शासनमान्य वृद्धाश्रमातील ज्येष्ठांसाठीही योजनेत स्वतंत्र गट आहे.

३.२ आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना

ही केंद्र शासनाची योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तिच्यातील कुटुंबे २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेच्या आधारे निवडली गेली. ग्रामीण भागासाठी जे निकष होते, त्यांत 'दिव्यांग सदस्य असलेले आणि एकही सक्षम प्रौढ सदस्य नसलेले कुटुंब' हा एक निकष होता. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून राज्याची आणि केंद्राची योजना एकत्रितपणे राबविली जाते. त्यामुळे लोकांच्या बोलण्यात दोन्ही नावे एकमेकांच्या जागी येतात.

३.३ आयुष्मान वय वंदना कार्ड

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील सर्व व्यक्तींना, उत्पन्नाची कोणतीही अट न ठेवता, केंद्राच्या योजनेत घेण्यात आले. वय आधार कार्डावरील नोंदीनुसार धरले जाते. येथे दोन बाबी नीट समजून घ्याव्यात. कुटुंब आधीपासून केंद्राच्या योजनेत असेल, तर त्यातील सत्तरी ओलांडलेल्यांसाठी वर्षाला पाच लाखांचे वेगळे संरक्षण असते आणि ते सत्तरीखालील सदस्यांबरोबर वाटून घ्यावे लागत नाही. मात्र त्याच घरात सत्तरीपुढील पती-पत्नी दोघेही असतील, तर ही रक्कम त्या दोघांत मिळून असते. केंद्र सरकारी आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना यांचा लाभ घेणाऱ्या ज्येष्ठांना दोहोंपैकी एक निवडावी लागते. खासगी विमा असणारे किंवा राज्य कामगार विम्याखालील ज्येष्ठ मात्र वय वंदना कार्ड काढू शकतात.

३.४ निरामय आरोग्य विमा योजना

'आमय' म्हणजे रोग. 'निरामय' म्हणजे रोगरहित. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली चालणारी ही योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात म्हणजे सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चार प्रकारांपुरती आहे. संरक्षण एक लाख रुपयांपर्यंत असते. तिचे वैशिष्ट्य असे की बाह्यरुग्ण तपासणी आणि नियमित थेरपी यांचाही तिच्यात समावेश आहे. नोंदणी न्यासाकडे नोंदणीकृत असलेल्या संस्थांमार्फत होते.

३.५ दिव्यांगांविषयीचा एक गैरसमज

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत, तर 'निरामय' त्यांपैकी मोजक्या प्रकारांपुरती आहे. दृष्टिहीन किंवा अस्थिव्यंग असलेल्या व्यक्तीला रुग्णालयातील उपचारांसाठी बहुधा शिधापत्रिकेच्या किंवा वयाच्याच दारातून जावे लागते. वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, हे दिव्यांगत्वाचा पुरावा आहे. ते विम्याचे कार्ड नव्हे. घरात ते कार्ड आहे म्हणून विमाही आहे, असे समजून अनेक कुटुंबे निर्धास्त राहतात आणि रुग्णालयाच्या खिडकीपाशी त्यांना फरक कळतो. तुलनेसाठी अमेरिकेतील मेडिकेअर योजना पाहता येईल. १९६५ च्या कायद्याने ती ६५ वर्षांवरील लोकांसाठी आली आणि १९७२ च्या दुरुस्तीने दीर्घकाळ दिव्यांग असलेल्या, वयाने लहान व्यक्तींनाही तिच्यात घेतले गेले. तेथे वय आणि दिव्यांगत्व ही दोन्ही स्वतंत्र दारे आहेत. आपल्याकडे वयाचे दार २०२४ मध्ये उघडले. दिव्यांगत्वाचे दार मात्र अद्याप अंशतःच उघडे आहे.

४. शब्द आणि त्यांचे व्यवहार

४.१ लाभार्थी : 'विद्यार्थी' या शब्दाप्रमाणेच याची घडण आहे. विद्या इच्छिणारा तो विद्यार्थी, लाभ इच्छिणारा तो लाभार्थी. 'अर्थी' या उत्तरपदात मागणे अभिप्रेत आहे. विद्यार्थ्याला प्रवेश घ्यावा लागतो, तसे लाभार्थ्यालाही स्वतःहून नोंदणी करावी लागते. नाव यादीत असणे ही पहिली पायरी. ओळख पडताळणी करून कार्ड काढणे ही दुसरी.

४.२ पात्र : संस्कृतातील 'पा' म्हणजे पिणे या धातूपासून हा शब्द आला. पिण्याचे साधन ते पात्र. त्यावरून धारण करण्यास योग्य ते पात्र. शासकीय मराठीत तो 'अटी पूर्ण करणारा' या अर्थाने स्थिरावला. येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की पात्रता शासनाच्या नोंदीत असते आणि कार्ड हा केवळ तिचा पुरावा असतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहरात घरोघरी पाणी शिरले आणि कपाटांतले कागद भिजले. अशा वेळी आयुष्मान कार्ड हरवले म्हणून पात्रता हरवत नाही. ते पुन्हा काढता येते.

४.३ ज्येष्ठ : एकच शब्द, पण अर्थ मात्र योजनेगणिक बदलतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासंबंधीच्या २००७ च्या अधिनियमात ज्येष्ठत्व ६० व्या वर्षी सुरू होते. एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी ते ६५ व्या वर्षी, वय वंदना कार्डासाठी ७० व्या वर्षी आणि एसटीच्या मोफत प्रवासासाठी ७५ व्या वर्षी सुरू होते. म्हणून मजकुरात 'ज्येष्ठ' हा शब्द आला की त्याची व्याख्या त्याच मजकुरात शोधावी.

४.४ प्रति कुटुंब प्रति वर्ष : या चार शब्दांत सर्वाधिक गैरसमज दडलेला आहे. पाच लाख हे प्रत्येक माणसाचे नसून सगळ्या कुटुंबाचे मिळून असतात. 'पर्यंत' हे शब्दयोगी अव्ययही महत्त्वाचे आहे. 'पाच लाखांपर्यंत' म्हणजे पाच लाख हाती मिळणार असे नव्हे. प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला असतो आणि तेवढीच रक्कम त्या मर्यादेतून वजा होते.

४.५ अंगीकृत रुग्णालय : अंगीकार केलेले, म्हणजे योजनेने करार करून स्वीकारलेले रुग्णालय. बोलीत आपण 'कार्ड चालणारा दवाखाना' म्हणतो. येथे एक बारकावा आहे. एखादे रुग्णालय हृदयविकारासाठी अंगीकृत असेल, पण अस्थिरोगासाठी नसेल. म्हणून 'हे रुग्णालय योजनेत आहे का?' एवढे विचारून भागत नाही. 'या आजारासाठी योजनेत आहे का?' असा प्रश्न हवा.

४.६ रोकडरहित : उपचाराचा खर्च योजना परस्पर रुग्णालयाला देते. रुग्णाने आधी पैसे भरावेत आणि नंतर परतावा मागावा, अशी पद्धत राज्याच्या व आयुष्मान योजनेत नाही. यास 'निरामय' अपवाद आहे. तेथे खर्चाची देयके सादर करून रक्कम मिळते. या फरकामुळेच दाखल होतानाच योजनेची नोंद करून घ्यावी लागते. घरी परतल्यावर कार्ड दाखविण्यास अर्थ राहत नाही.

४.७ पूर्वमान्यता : नियोजित उपचारापूर्वी रुग्णालयाने योजनेकडून घ्यायची मंजुरी. ही मंजुरी रुग्णाने आणायची नसते. ते काम रुग्णालयाचे आहे. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय आहे.

४.८ दाखल : या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. रक्तदाब, मधुमेह यांच्या रोजच्या गोळ्या त्यांत येत नाहीत. त्यासाठी दुसरी वाट आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र वा ग्रामीण रुग्णालय हे ज्येष्ठांच्या दैनंदिन औषधांचे ठिकाण होय.

५. वाक्यरचना : कर्ता कोठे आहे?

शासकीय मजकुरात 'रुग्णास मोफत उपचार देण्यात येतील', 'कागदपत्रे सादर करणे आवश्यक राहील' अशा धर्तीची वाक्ये असतात. व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष आहेत. कर्मणी रचनेने नियमाला तटस्थपणा येतो, हा तिचा गुण आहे. परंतु तीत कर्ता अदृश्य होतो. उपचार कोण देणार? कागद कोणी, कोणाकडे द्यायचे? सामान्य वाचकाला हे कळले नाही, तर प्रत्येक काम आपल्यालाच करायचे आहे असे त्याला वाटते, किंवा ते आपोआप होईल असे वाटते.

यावर उपाय म्हणजे वाक्य कर्तरी करून वाचणे. 'पूर्वमान्यता घेण्यात यावी' याचे 'रुग्णालय पूर्वमान्यता घेईल' असे रूपांतर करावे. 'ओळख पटविण्यात यावी' याचे 'रुग्णाचा नातेवाईक आधार कार्ड व शिधापत्रिका आरोग्यमित्राला दाखवील' असे करावे. आरोग्यमित्र म्हणजे अंगीकृत रुग्णालयात योजनेने नेमलेली मदतनीस व्यक्ती. असे प्रत्येक वाक्य उलगडले की कामांची दोन याद्यांत विभागणी होते : आपली कामे आणि त्यांची कामे.

६. 'कार्ड चालत नाही' : एका वाक्याचे पाच अर्थ

उदाहरण म्हणून पोलादपूर तालुक्यातील एका वाडीतील बाहत्तर वर्षांच्या आजींची कल्पना करू. मुलगा-सून मुंबईला, शिधापत्रिका गावच्या पत्त्यावर, आजी एकट्या. कोकणातल्या कितीतरी घरांची ही स्थिती आहे. आजींचे खुब्याचे हाड मोडते. शेजारी त्यांना गाडीत घालून रुग्णालयात नेतात आणि खिडकीवर उत्तर मिळते : 'कार्ड चालत नाही.' शेजारी आजींना घेऊन परततात किंवा दागिना गहाण ठेवण्याचा विचार करू लागतात.

अर्थविचाराच्या दृष्टीने हे वाक्य संदिग्ध आहे. त्याचे किमान पाच अर्थ संभवतात आणि प्रत्येक अर्थाला वेगळा उपाय आहे.

पहिला अर्थ, रुग्णालय अंगीकृत नाही. उपाय : मदत क्रमांकावर जवळच्या अंगीकृत रुग्णालयाची चौकशी करणे.

दुसरा अर्थ, रुग्णालय अंगीकृत आहे, पण अस्थिरोगासाठी नाही. उपाय : त्या विशेषज्ञतेचे अंगीकृत रुग्णालय विचारणे.

तिसरा अर्थ, तो उपचार योजनेच्या यादीत नाही. उपाय : डॉक्टरांकडून उपचाराचे नेमके नाव लिहून घेणे आणि आरोग्यमित्राकडून यादी पडताळणे.

चौथा अर्थ, ओळख जुळत नाही. हा भाषेचाच प्रश्न आहे. शिधापत्रिकेवर 'बाई' हे उत्तरपद जोडलेले नाव असते, आधार कार्डावर ते नसते; एका ठिकाणी माहेरचे आडनाव असते, तर दुसऱ्या ठिकाणी सासरचे. देवनागरीतील एकच 'लक्ष्मी' रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिली जाते आणि संगणक त्यांना वेगवेगळ्या व्यक्ती समजतो. शिवाय आयुष्यभर शेतीत राबलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. तेथे मोबाईलवरील सांकेतिक क्रमांक, डोळ्यांची किंवा चेहऱ्याची पडताळणी असे पर्याय असतात, ते मागावेत.

पाचवा अर्थ, वर्षाची रक्कम संपली आहे. उपाय : कुटुंब केंद्राच्या योजनेत असल्यास रुग्णाचे वय सत्तरीपुढे आहे का, हे पाहणे. असल्यास वय वंदनाचे स्वतंत्र संरक्षण शिल्लक असू शकते.

म्हणून 'कार्ड चालत नाही' या वाक्यावर थांबू नये. 'कोणत्या कारणाने चालत नाही?' असे विचारावे आणि कारण लेखी मागावे. लेखी कारण हाती आले की तक्रारीला आधार मिळतो. राज्याच्या योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० हा आहे. आयुष्मान योजनेचा १४५५५. आजार आधीपासूनचा आहे एवढ्या कारणाने या दोन्ही योजनांत उपचार नाकारता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या उदाहरणातील आजींना सत्तरी पूर्ण होऊन दोन वर्षे झाली होती. वय वंदना कार्ड आधीच काढलेले असते, तर नावातील तफावत निवांतपणे दुरुस्त करता आली असती. हाड मोडल्यावर त्या कामाला वेळ उरत नाही.

७. सारांश

शासकीय आरोग्यविम्यात शिधापत्रिका, गणनेतील नोंद, वय आणि काही प्रकारचे दिव्यांगत्व अशी चार वेगवेगळी दारे आहेत. प्रत्येक दाराची अट वेगळी आहे आणि ती अट शब्दांत लिहिलेली आहे. हे शब्द बहुधा संस्कृतनिष्ठ व संक्षिप्त असतात, तर वाक्ये कर्ता झाकणारी असतात. वाचकाने व्याख्या शोधणे, कर्ता ओळखणे आणि संदिग्ध उत्तराला नेमका प्रतिप्रश्न करणे या तीन कृती केल्या, तर मजकुरातील हक्क व्यवहारात उतरण्याची शक्यता वाढते. १९२४ चा ठराव तळ्याकाठी पुरेसा ठरला नाही, कारण तो कागदावरून काठापर्यंत नेणारे कोणीतरी लागते. आपल्या घरात आणि वस्तीत ते काम भाषेच्या विद्यार्थ्याला करता येण्यासारखे आहे.

८. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'लाभार्थी' व 'पात्र' या शब्दांची घडण सांगून त्यांचा शासकीय मराठीतील अर्थ स्पष्ट करा.
२. यूडीआयडी कार्ड आणि विम्याचे कार्ड यांतील फरक चार-पाच ओळींत लिहा.
३. पुढील वाक्य कर्तरी प्रयोगात लिहा आणि कर्ता ठरविताना आपण कोणता विचार केला ते सांगा : 'रुग्णास दाखल करतेवेळी ओळखपत्राची पडताळणी करण्यात यावी.'
४. 'कार्ड चालत नाही' या वाक्याच्या संदिग्धतेचे विश्लेषण करा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या घरातील किंवा शेजारच्या सत्तरीपुढील अथवा दिव्यांग अशा एका व्यक्तीची शिधापत्रिका आणि आधार कार्ड त्यांच्या संमतीने शेजारी-शेजारी ठेवून पाहा. नाव, जन्मवर्ष आणि पत्ता यांत तफावत आहे का, ते तपासा. असल्यास ती दुरुस्त करण्यासाठी कोठे जावे लागेल याची माहिती मिळवून एक पानाची टिपण लिहा. ती सोप्या मराठीत असावी आणि त्या व्यक्तीला वाचून दाखविल्यावर समजली पाहिजे.